अढीतला आंबा आणि गोपाळराव गोखले

मे महिन्यात गुहागरकडच्या कुठल्याही घरात डोकावलात, तर माळ्यावर नाहीतर मागच्या पडवीत भाताच्या पेंढ्यात रचून ठेवलेले आंबे दिसतील. आंब्याची अढी. दारातूनच वास येतो आणि घरातली पोरं दिवसातून चारदा पेंढा उचकटून बघतात, पिकला का म्हणून. आजी ओरडते. तिला माहीत असतं की सारखा हात लावून आंबा लवकर पिकत नाही, उलट डागाळतो. ज्याला घाई असते तो कार्बाइडची पुडी टाकतो. दोन दिवसांत साल पिवळीधमक आणि आत आंबटढाण. त्यावर कायद्याने बंदी आहे, तरी टाकणारे टाकतातच. वाट बघायला कुणाला आवडतं?

तुम्हाला आवडतं? खरं सांगा. परीक्षा देऊन बाहेर पडलात की लगेच मोबाइलवर उत्तरं शोधायला लागता. रिझल्टची तारीख पुढे गेली की जेवण जात नाही. एमपीएससीचा दुसरा अटेम्प्ट, मुंबईतली पहिली नोकरी, आईला दिलेला शब्द, या सगळ्याला आपण मनातल्या मनात एक तारीख घालून ठेवलेली असते. मग व्याडेश्वराला नाहीतर हेदवीच्या दशभुजा गणपतीला जाऊन हात जोडतो, नवस बोलतो. नीट ऐकलंत तर त्या नवसात विनंती थोडी आणि डेडलाइन जास्त असते. याच वर्षी होऊ दे, याच यादीत नाव येऊ दे. म्हणजे देवाच्या हातातही आपण आपलंच कॅलेंडर देऊन येतो.

म्हणून आज तुम्हाला तुमच्याच तालुक्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. त्याने आयुष्यभर देशासाठी मोठमोठ्या गोष्टी मागितल्या. त्यातली सगळ्यात जिव्हाळ्याची गोष्ट मिळाली, तेव्हा त्याला जाऊन ९५ वर्षं झाली होती. तरी त्याने कधी पेंढा उचकटला नाही. एकदाच घाई केली, आणि ती त्याला जन्मभर आठवली. त्याचं नाव गोपाळ कृष्ण गोखले.

कोतळूकचा गोपाळ

नाव तुम्ही शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे. मवाळ नेते, गांधीजींचे राजकीय गुरू, दोन मार्कांचा प्रश्न, संपलं. पण हे गोखले ९ मे १८६६ रोजी जन्मले ते कोतळूकला, आज गुहागर तालुक्यात असलेल्या गावात. घरची परिस्थिती बेताची. वडील कृष्णराव कागल संस्थानात साध्या नोकरीला होते. १८७९ मध्ये ते गेले, तेव्हा गोपाळ १३ वर्षांचा होता आणि थोरला भाऊ गोविंद १८ वर्षांचा.

इथे जरा थांबा. १८ वर्षांचा गोविंद. म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचा. त्याचंही शिक्षण चालू होतं. ते त्याने सोडलं, कागलला महिना १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये दर महिन्याला कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवायला लागला. उरलेल्या ७ रुपयांत बाकीचं घर.

या ८ रुपयांवर गोपाळ शिकला. हाताने स्वयंपाक केला, दिव्याचं तेल वाचवायला रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचलं, असं त्याच्या चरित्रांत सांगितलेलं आहे. १८८१ मध्ये तो मॅट्रिक झाला. आता नोकरी धरावी आणि भावाच्या खांद्यावरचं ओझं हलकं करावं, असं त्याला वाटणं अगदी साहजिक होतं. पण भाऊ-वहिनींनी त्याला पुढे शिकायलाच लावलं. १८८४ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गोपाळ बी.ए. झाला.

त्या काळात १८ व्या वर्षी बी.ए. होणं म्हणजे आजच्या भाषेत पॅकेज पक्कं. वकिली करता आली असती, सरकारी नोकरी मिळाली असती. गोपाळ कायद्याच्या वर्गालाही जाऊ लागला होता. आणि मग १८८५ मध्ये तो पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना ३५ रुपयांवर मास्तर झाला. पुढच्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा आजीव सदस्य होऊन त्याने २० वर्षं याच संस्थेत, ठरलेल्या तुटपुंज्या पगारावर शिकवीन अशी शपथ घेतली. ही शपथ त्याने पाळली. ज्या भावाने स्वतःचं शिक्षण सोडून याला शिकवलं, त्याच्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं. घरच्यांच्या मनात काय काय आलं असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. तुमच्या घरीही असा एखादा गोविंद असेलच.

पत्रांना उत्तर येत नाही तेव्हा

पुण्यात गोखल्यांना एक गुरू भेटला, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. १८८७ च्या सुमारास सुरू झालेली ही शिकवणी रानड्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत, चालली. शिकवणी कसली, तर सरकारी अहवालांचे गठ्ठे वाचायचे, आकडे काढायचे, शेतसारा, मिठावरचा कर, लष्करावरचा खर्च, शाळांवरचा खर्च यांवर मुद्देसूद अर्ज लिहायचे आणि सार्वजनिक सभेच्या नावाने सरकारला पाठवायचे. रानडे ते तपासायचे. एखादा शब्द सैल असला की पुन्हा लिहा.

महिना महिना राबून लिहिलेल्या या अर्जांना सरकारकडून उत्तर काय यायचं? दोन ओळींची पोच. पंचविशीच्या आतबाहेर असलेले गोखले वैतागले. एवढा उपद्व्याप कशासाठी, असं त्यांनी रानड्यांना विचारलं. रानड्यांनी जे समजावलं, ते गोखल्यांनी पुढे स्वतःच सांगून ठेवलं आहे. त्याचा मतलब असा, की या अर्जांवर पत्ता सरकारचा असतो, पण ते खरे लोकांसाठी लिहिलेले असतात. अशा प्रश्नांवर विचार कसा करायचा, हे लोकांनी शिकावं म्हणून. आणि हे काम पुढची कित्येक वर्षं दुसऱ्या कसल्याही फळाची अपेक्षा न धरता करावं लागणार आहे, कारण अशा तऱ्हेचं राजकारण या देशात नवीनच आहे.

तुम्ही इंटरव्ह्यूचे वीस मेल टाकता आणि एकाचंही उत्तर येत नाही, तेव्हा डोकं फिरतं ना? गोखल्यांचंही फिरलं होतं. फरक इतकाच की त्यांनी अर्ज लिहिणं थांबवलं नाही. त्या दोन ओळींच्या पोचांमधूनच एक असा माणूस घडला, ज्याला सरकारचं बजेट सरकारपेक्षा जास्त कळायचं. १९०२ मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च कायदेमंडळात त्यांनी पहिलं बजेटवरचं भाषण केलं, तेव्हा मंडळी चकित झाली. तिजोरीत शिल्लक दिसते म्हणजे देश सुखी आहे असं नाही, गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त कर काढला म्हणून ती शिल्लक आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी मांडलं. मिठावरचा कर कमी करा, असं ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तो कर मणाला अडीच रुपये होता. १९०३ मध्ये दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. एका झटक्यात नाही, आणि एकट्या गोखल्यांमुळेही नाही. पण कोकणातल्या एखाद्या म्हातारीच्या मडक्यातलं मीठ थोडं स्वस्त झालं, त्यात त्या जुन्या अर्जांचा वाटा होता.

एकदाच केलेली घाई

आता ती चूक. १८९७ मध्ये गोखले पहिल्यांदा इंग्लंडला गेले. वय ३० च्या पुढे नुकतंच सरकलेलं. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगासमोर त्यांची साक्ष उत्तम झाली होती, नाव झालं होतं. त्याच वेळी पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं आणि घराघरांत शिरून होणाऱ्या सैनिकांच्या तपासण्यांनी लोक हैराण झाले होते. पुण्याच्या मित्रांची पत्रं गोखल्यांना लंडनमध्ये मिळत होती. त्यांत सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा एक भयंकर आरोप होता. गोखल्यांचं रक्त उसळलं. त्यांनी पडताळणीची वाट न बघता तो आरोप इंग्लंडच्या वर्तमानपत्रातून जाहीर केला.

मोठं वादळ उठलं. सरकारने पुरावा मागितला. मायदेशी परतल्यावर गोखल्यांनी धडपड केली, पण तो विशिष्ट आरोप सिद्ध करता येईना. पत्रं लिहिणाऱ्या मित्रांची नावं सांगितली असती तर दोष त्यांच्यावर ढकलता आला असता. पण तेव्हाच रँडचा खून झालेला, पुण्यात धरपकड चाललेली. नावं सांगणं म्हणजे त्यांना तुरुंगाच्या दारात नेऊन सोडणं. गोखल्यांनी नावं सांगितली नाहीत. सगळा दोष स्वतःवर घेतला आणि उघड, बिनशर्त माफी मागितली.

त्या माफीने त्यांना दोन्हीकडून झोडपलं. इंग्रजांच्या लेखी ते खोटारडे, आपल्या माणसांच्या लेखी भित्रे. आज असं झालं असतं तर मीम्सचा पाऊस पडला असता. आणि गंमत बघा, हेतू वाईट नव्हता. लोकांचे हाल खरे होते. खरं बाहेर यायला हवं हेही खरं होतं. पण पिकण्याआधी तोडलं. हातात पूर्ण पुरावा यायची वाट बघितली असती, तर जेवढं खरं होतं तेवढं तरी ठामपणे मांडता आलं असतं. घाईमुळे खऱ्या हालांवरचाही लोकांचा विश्वास ढळला.

गोखले राजकारण सोडून घरी बसले नाहीत. प्लेगच्या साथीत पुण्यातच राहून रुग्णांच्या सेवेच्या कामात उतरले. पुन्हा कधीही तपासल्याशिवाय त्यांनी एक आकडा वापरला नाही. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, ते मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून गेले. गेलेली पत अशीच परत येते, रोजच्या कामातून, आणि तिचीही तारीख आपण ठरवत नाही.

पाच वर्षं आधी शीक

गोखल्यांची ओळख देवभोळा माणूस अशी कधीच नव्हती. टिळा-माळेचं प्रदर्शन त्यांच्याकडे नव्हतं. पण १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा त्याच्या घटनेत आपल्या कार्यकर्त्याकडून काय अपेक्षा आहे ते लिहिलं. देशावर प्रेम हवं, संकटाने मागे न फिरणारं काळीज हवं, आणि परमेश्वराच्या योजनेवर कशानेही न ढळणारी श्रद्धा हवी. देशाचं काम म्हणजे एक प्रकारचं अध्यात्मच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही श्रद्धा म्हणजे होईल ते होईल म्हणून पाय पसरून बसणं नव्हे. समाजात आलेल्या तरुणाला सात शपथा घ्याव्या लागत. त्यात स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही, कुणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही, अशा गोष्टी होत्या. आणि पहिली पाच वर्षं उमेदवारीची. वाचा, देश बघा, काम शिका. आल्याआल्या स्टेजवर चढायचं नाही. आजच्या रीलच्या जमान्यात पाच वर्षं म्हणजे जन्मठेप वाटेल. पण याच समाजात नारायण मल्हार जोशी घडले, ज्यांनी पुढे कामगारांच्या देशव्यापी संघटनेचा पाया घातला. ठक्करबाप्पा याच समाजातून आले आणि आयुष्यभर आदिवासी आणि दलितांसाठी खपले.

हे सगळ्यांना पटत होतं असं मुळीच समजू नका. रत्नागिरीतच जन्मलेले लोकमान्य टिळक गोखल्यांच्या याच धीमेपणावर तुटून पडायचे. मागून काही मिळत नाही, दबाव आणावा लागतो, हे टिळकांचं म्हणणं. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली, ती याच भांडणात. आणि इतिहास वाचताना हेही कबूल करायला हवं, की देवाच्या वेळेची वाट बघण्याच्या नावाखाली कित्येकदा भित्रेपणा लपवला जातो. कोणती वाट बघणं खरं आणि कोणतं खोटं, हे ओळखायचं कसं? त्याचं उत्तर गोखल्यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत सापडतं.

३८ विरुद्ध १३

१६ मार्च १९११. गोखल्यांनी सर्वोच्च कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. त्या वर्षीच्या जनगणनेत देशातल्या शंभर माणसांत जेमतेम सहा जणांना लिहिता-वाचता येत होतं. विधेयकातली मागणी किती साधी होती बघा. सगळ्या देशात एकदम सक्ती नकोच. ज्या भागात आधीच बऱ्यापैकी मुलं शाळेत जातात, तिथल्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला वाटलं, तर सरकारची परवानगी घेऊन तिने ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करावी. मुलींसाठी नंतर. ज्या बापाची कमाई महिना १० रुपयांपेक्षा कमी, त्याच्या मुलाला फी नाही. हा आकडा वाचून कागलच्या त्या १५ रुपयांची आठवण येते की नाही?

आपल्याकडे हे अशक्य आहे, असं म्हणायलाही सोय नव्हती. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी १९०६ पासून आपल्या सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलेलं होतं.

वर्षभर विधेयक मतांसाठी देशभर फिरलं. सरकारने पैशाचं कारण सांगितलं. काही जमीनदारांना भीती वाटली, की मजुराची पोरं शिकली तर शेतात राबणार कोण. मार्च १९१२ मध्ये मतदान झालं. बाजूने १३, विरुद्ध ३८. विधेयक पडलं.

पडणार हे गोखल्यांना आधीच माहीत होतं. त्यांनी सभागृहात तसं सांगितलंही. आणि निराशेचा सूर लावला नाही. आमच्या पिढीच्या वाट्याला देशाची सेवा अपयशातूनच करणं आलेलं आहे, यशातून सेवा करणारे मागून येतील, अशा अर्थाचं ते बोलले. ४५ वर्षांचा, मधुमेहाने पोखरलेला माणूस हे बोलत होता. आपल्याला फार वेळ उरलेला नाही, हेही त्याला कळत असणार.

आता खरी वाट बघणं आणि खोटी वाट बघणं यांतला फरक इथे दिसतो. खोटी वाट बघणारा विधेयक मांडलंच नसतं, वेळ आलेली नाही म्हणून. आणि हट्टाने वेळ ओढून आणणारा पडल्यावर सगळं सोडून गेला असता. गोखल्यांनी आपल्या वाटणीचं काम पुरं केलं, एकेक कलम घासूनपुसून, आणि निकालाची तारीख आपल्या हातात नाही हे मान्य केलं.

माणसाचं वचन आणि काळाचं वचन

त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९१२ ला, गोखले दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला उतरले. तिथे गांधीजी हिंदी मजुरांसाठी लढत होते. करार संपलेल्या मजुराला आणि त्याच्या घरच्यांना नाताळमध्ये राहायचं तर माणशी वर्षाला तीन पौंडांचा कर भरावा लागे. गोखले तिथल्या मंत्र्यांना, बोथा आणि स्मट्स यांना भेटले. परत येऊन त्यांनी गांधीजींना सांगितलं, की कर जाणार, कायदा बदलणार, तुम्ही वर्षभरात हिंदुस्थानात परत या. गांधीजींना शंका होती. या मंत्र्यांना मी ओळखतो, असं त्यांचं म्हणणं.

गांधीजींचं खरं ठरलं. १९१३ मध्ये सरकारने शब्द फिरवला. बघा, इतका धीराचा माणूस, पण तोही मंत्र्यांच्या गोड बोलण्याला भुलला. देवाच्या वेळेवर विश्वास ठेवणं म्हणजे सत्तेवर बसलेल्या प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास ठेवणं नव्हे, हा धडा गोखल्यांनाही महागात पडून मिळाला. मग आफ्रिकेत मोठा सत्याग्रह झाला, खाणींतले मजूर काम टाकून निघाले, बायका तुरुंगात गेल्या. आजारी गोखले इकडे गावोगाव फिरून त्यांच्यासाठी पैसे गोळा करत राहिले. १९१४ मध्ये तो कर रद्द झाला. वचन खरं झालं, पण ते देणाऱ्याच्या चांगुलपणाने नाही. लढणाऱ्यांच्या कष्टाने, आणि वर्षाऐवजी दोन वर्षांनी.

९ जानेवारी १९१५ ला गांधीजी मुंबईला उतरले. सगळ्या देशाला वाटत होतं, आता हे आल्याआल्या काहीतरी करून दाखवणार. गोखल्यांनी त्यांच्याकडून एकच शब्द घेतला. एक वर्ष राजकारणावर जाहीर बोलायचं नाही. आधी देश बघा, ऐका, मग मत बनवा. गांधीजींनी तो शब्द पाळला. पण तो पुरा झालेला बघायला गोखले नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ च्या रात्री पुण्यात त्यांचं निधन झालं. वय ४८. त्यांच्याशी जन्मभर भांडलेले टिळक अंत्ययात्रेला आले आणि चितेपाशी उभं राहून त्यांनी गोखल्यांचा गौरव केला.

गांधीजी वर्षभर तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून देश बघत फिरले. १९१७ मध्ये चंपारणला गेले, तेव्हा ते कोणाविषयी बोलताहेत हे त्यांना माहीत होतं. त्या एका वर्षाच्या गप्प बसण्याने काय दिलं, ते पुढच्या तीस वर्षांनी दाखवलं.

उशिरा लागलेला निकाल

आणि ते विधेयक? १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात तसाच कायदा मंजूर करून घेतला, नगरपालिकांच्या हद्दीपुरता. १९५० च्या राज्यघटनेत १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याची दिशा घातली गेली, १० वर्षांची मुदत धरून. ती मुदत उलटून गेली, कित्येक सरकारं आली नि गेली. २००२ च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क झाला. २००९ मध्ये कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला. आणि प्रत्येक मुलीलाही.

१९१२ ते २०१०. हिशेब करा, ९८ वर्षं.

तुमच्यातले कितीतरी जण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेले आहेत. कौलारू इमारत, पावसात गळणारा कोपरा, खिचडीचा वास. तुमच्या आईबापांनी चौथीपर्यंतची फी कुठून आणायची, असा विचार करत रात्र काढली नाही. हे तुम्हाला इतकं सवयीचं आहे की त्यामागे कुणी हरलेलं असेल, असं मनातही येत नाही. त्या १३ मतांतलं एक मत कोतळूकला जन्मलेल्या माणसाचं होतं. तो तुमच्यासाठी हरला होता.

म्हणून घाईला आलात की एक गोष्ट करा. कागदावर दोन रकाने पाडा. एकात लिहा, यातलं माझ्या हातात काय आहे. रोजचे चार तास अभ्यास, एक अर्ज नीट लिहिणं, चूक झाली असेल तर माफी मागणं, खोट्या आश्वासनाला खोटं म्हणणं. दुसऱ्यात लिहा, माझ्या हातात काय नाही. यादी कधी लागेल, किती जागा निघतील, कुणाला माझी किंमत कधी कळेल. पहिला रकाना उद्या सकाळपासून पाळायचा, एक दिवसही न चुकवता. दुसरा देवाच्या पायाशी ठेवून यायचा आणि मागे वळून बघायचं नाही.

आणि घरातल्या त्या गोविंदाला विसरू नका, ज्याने तुमच्यासाठी काहीतरी सोडलं आहे. त्याला तुमच्या यशाची तारीख हवी असते असं आपल्याला वाटतं, म्हणून आपण त्याला खोट्या तारखा देत बसतो. पुढच्या महिन्यात नक्की, दिवाळीला नक्की. तारीख देऊ नका. आज दिवसभर काय केलंत ते त्याला खरं खरं सांगा.

पुढच्या वेळी व्याडेश्वरासमोर हात जोडाल तेव्हा मागायचं ते बिनधास्त मागा. फक्त वर्ष घालू नका. आणि देवळातून घरी आलात की माळ्यावर जाऊन पेंढा उचकटायच्या आधी पुस्तक उघडा.